उभ्यानं भांडी घासायची तर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

घर बांधायला काढलं की माणसं सिमेंट, सळई, खिडक्यांच्या काचा यांच्याबद्दल महिनोन्‌महिने बोलतात. कपाट कुठं, टीव्ही कुठल्या भिंतीला, पायऱ्या किती, सगळं ठरतं. स्वयंपाकघरातलं सिंक आणि नळ मात्र अगदी शेवटी, फरशीवाला घाई करतो म्हणून, एका फेरीत उरकले जातात. ही फेरी बहुधा घरातला पुरुष एकटाच करतो. त्या सिंकपाशी पुढची पंचवीस-तीस वर्षं जी उभी राहणार असते, तिला ते दुकान दिसतही नाही.

आज मला या एका फेरीबद्दल बोलायचं आहे. मी कवी माणूस, प्लंबर नव्हे. पण मेढ्याचं आमचं जुनं घर पाडून नवं बांधताना साताऱ्याच्या आणि पुण्याच्या दुकानांतून हिंडलो, गवंड्याशी वाद घातले, आणि कवितेसाठी कधी काढली नव्हती एवढी टिपणं काढली. त्यातली उपयोगाची तेवढी सांगतो.

आमच्या भागात सिंक ही तशी कालपरवाची चीज. माझ्या लहानपणी चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, भाकरीची काठवट जमिनीवर आणि कोपऱ्यात मोरी. मोरीला एक वीतभर कठडा, खाली शहाबादी फरशी, आणि पाणी जायला भिंतीत भोक. भांडी अंगणात किंवा मोरीत बसून राखेनं घासायची. सगळं घर बसून चालायचं. मग गॅस आला, गॅसबरोबर ओटा आला आणि स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला. भांडी मात्र बरीच वर्षं खालीच राहिली. आमच्याकडंही तेच झालं. माझ्या पत्नीनं लग्नानंतर तीस वर्षं उकिडवं बसून भांडी घासली. आता तिच्या गुडघ्यांनी जाब विचारला आहे. डॉक्टरांनी खाली बसणं बंद करायला सांगितलं. तेव्हा नव्या स्वयंपाकघराचं आमच्यापुरतं कारण एकच होतं : तिला उभ्यानं, न वाकता भांडी घासता आली पाहिजेत.

हे एवढं स्पष्ट बोलतो, कारण आमच्या जावळी तालुक्यात नव्या घरांची वेगळीच गंमत आहे. इथल्या घरटी एकदोन माणसं मुंबईत, नव्या मुंबईत. त्यातले पुष्कळ जण माथाडी. पाठीवर पोती वाहून वाकलेल्या या माणसांना १९६९ च्या माथाडी कायद्यानं नियमित मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळवून दिला. निवृत्तीनंतर त्या पैशातून गावाकडं बंगले उभे राहिले. बंगल्याचा नकाशा गावचा असतो, पण स्वयंपाकघर मुंबईतल्या फ्लॅटचं बघून केलेलं. काळा ग्रॅनाइट, त्यात खोल चकचकीत सिंक, त्यावर हंसाच्या मानेसारखा वळलेला एकदांडी नळ. आणि गावात नळाला पाणी येतं ठरलेल्या वेळेला, तासभर. बाकी वेळ छपरावरच्या टाकीचं. त्या टाकीच्या पाण्याला तो मुंबईचा नळ पुरेशी धार देत नाही. घरची बाई मग परसात प्लॅस्टिकचं टप घेऊन बसते, आणि आत सिंकमध्ये चहाचे दोन कप पडलेले असतात. असं सिंक मी एका घरात नाही, चार घरांत पाहिलं.

म्हणून दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी घरीच मोजून घ्याव्यात. घरातलं सर्वांत मोठं भांडं, भांडी घासणाऱ्याची उंची आणि टाकीची उंची.

भांड्यापासून सुरुवात करू. दुकानदार सिंकचं बाहेरचं माप सांगतो. भांडं आतल्या भांड्यात बसतं, म्हणून आतलं माप विचारा. आमची पीठ मळायची परात अठरा इंची आहे. ती अठरा इंच रुंद सिंकात सपाट बसत नाही, कारण बाहेरचं अठरा म्हणजे आतलं सोळा. आम्ही टेप घेऊन गेलो होतो. दुकानदार हसला, पण परातीचं माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याला नवं नव्हतं, असंही म्हणाला. ईदला किंवा घरच्या कार्याला लागणारं मोठं पातेलं मात्र कुठल्याच सिंकात मावत नाही. त्यासाठी मागच्या दारी एक मोरी ठेवाच. मासे धुवायला, मटण धुवायला, चिखलाचे पाय धुवायला तीच बरी. नव्या घरात मोरी ठेवणं गावंढळ वाटतं म्हणून ती बुजवणारे नंतर सिंकात बूट धुताना मी पाहिले आहेत.

दोन कप्प्यांचं सिंक घ्यावं का? एका कप्प्यात साबण, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, अशी त्यामागची कल्पना. पाश्चात्त्य घरांत सिंकात पाणी भरून ठेवून भांडी बुडवायची रीत होती, तिथं ती शोभते. आपण वाहत्या पाण्याखाली घासणारे लोक. ओटा लांबलचक असेल तर दोन कप्पे खुशाल घ्या. नाहीतर दोन लहान कप्प्यांत एकही परात मावत नाही. माझं मत एका मोठ्या कप्प्याला आहे, आणि शेजारी भांडी निथळायला खाचांचा उतार.

आता उंची. इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळा दुखण्याचा उगम इथं आहे. गवंडी ओटा बत्तीस ते चौतीस इंचांवर बांधतो. कुणासाठी बांधतोय हे तो विचारत नाही, आणि आपण सांगत नाही. उभं राहून करायच्या हलक्या कामाला हाताखालचा पृष्ठभाग कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा, हा साधा नियम आहे. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून सुमारे अडतीस इंचांवर येतं. म्हणजे चिरायला, लाटायला बत्तीस-चौतीसचा ओटा तिला ठीक आहे. पण भांडी ओट्यावर घासली जात नाहीत. ती सिंकच्या तळाशी घासली जातात. ओटा तेहतीस इंच आणि सिंक दहा इंच खोल, तर तळ आला तेवीस इंचांवर. तिथं पोचायला पाच फुटांच्या बाईला हात पूर्ण सोडून, वर कमरेत वाकावं लागतं. दिवसाला दीड-दोन तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. दहा इंची खोल सिंक दुकानात ऐटदार दिसतं, पाणी उडत नाही म्हणून विकलंही जातं. कमरेचा हिशेब त्याच्या पावतीवर नसतो.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही फुकटचे. सिंक सात-आठ इंचांहून खोल घेऊ नये. आणि सिंकपुरता ओटा बाकीच्या ओट्यापेक्षा दोन-तीन इंच वर उचलावा. गवंड्याला हे आवडत नाही, त्याला एकसंध ग्रॅनाइट हवा असतो. ओटा एका पातळीत दिसला पाहिजे, अशी त्याची कारागिराची हौस. आमच्या गवंड्यानं दोनदा सांगून पाहिलं. शेवटी पत्नीनं स्वतः विटा रचून, त्यावर रिकामं घमेलं ठेवून, घासायचा आव आणून उंची ठरवली. छत्तीस इंचांना काठ, सात इंच खोली, म्हणजे तळ एकोणतीसला. हातातलं भांडं त्याहून दोन-तीन इंच वर. पाठ सरळ. घमेल्याची ही युक्ती सगळ्यांना करण्यासारखी आहे. त्यासाठी ओटा बांधायच्या दिवशी बाईनं तिथं हजर पाहिजे, एवढीच अट.

घरात दोघी असतील आणि एक बुटकी, दुसरी उंच असेल तर? उंची जास्त काम करणारीच्या मापानं ठेवा. उंच व्यक्तीसाठी सिंकच्या तळाशी दोन इंची तारेची जाळी ठेवता येते, तिनं तळ वर येतो. बुटकीसाठी पायाखाली लाकडी पाट, पण ओल्या फरशीवर पाट घसरतो, त्याला खाली रबर लावून घ्या.

मग धातू. स्टेनलेस स्टीलचा शोध साधारणपणे १९१३ सालचा मानतात. इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकांच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. त्या पोलादाला गंज चढेना. लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचा अतिशय पातळ, न दिसणारा पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो. ओरखडा उठला तरी तो पुन्हा धरतो. कल्हई लावावी लागते ती वरून, आणि ती उडते. हा पापुद्रा आतून येतो, एवढा फरक. आमच्या मोहल्ल्यात भाता फुंकणारे कल्हईवाले होते. नवसागराचा तो पांढरा धूर मला अजून आठवतो. घराघरांत स्टीलची भांडी आली आणि त्यांचा भाता थंड झाला.

सिंकसाठी चांगलं स्टील म्हणजे ३०४. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. स्वस्त सिंकांत महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात, त्याला २०२ म्हणतात. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. पण मीठ, खारट पाणी आणि ब्लीचिंगपुढं २०२ लवकर डागाळतं. दुकानात एक चुंबकाचा खेळ चालतो : चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल. हा खेळ अर्धवट आहे. चुंबक घट्ट चिकटला तर ते बहुधा निकेल नसलेलं स्टील, इथवर खरं. पण न चिकटणारं २०२ ही असू शकतं. काही दुकानदारांकडं तपासणीचं द्रावण असतं. पत्र्यावर थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की मँगनीज जास्त असलेल्या पत्र्यावर तो लाल होतो. मागायला लाजू नका. घरगुती स्टील सिंकसाठी भारतीय मानक आहे, आयएस १३९८३. ते चिन्ह आणि क्रमांक बघा.

जाडी गेजमध्ये सांगतात, आणि इथं भलेभले फसतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. अठरा गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, बावीस म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. हंडा आपटणाऱ्या घरात अठरा घ्या, फार तर वीस. शिवाय सिंक उलटं करून बघा. तळाला रबराची जाड पट्टी चिकटवलेली असते. ती नसेल तर नळ सोडल्याबरोबर ढोल वाजतो. ज्यांचं लिहायचं टेबल स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे त्यांनी ही पट्टी आधी बघावी.

स्वस्तात गवंडी कडप्प्याचं सिंक जोडून देतो. कडप्पा मुळात चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर त्याला खातात, आणि सांधे पाचसात वर्षांत पाझरतात. मागच्या मोरीला तो चालेल, ओट्यावर नको. जर्मनीत १९७९ मध्ये गारेचा चुरा आणि राळ मिसळून सिंक ओतायची पद्धत निघाली, तीच आता आपल्याकडं ‘क्वार्ट्‌झ सिंक’ म्हणून मिळते. चांगली असतात, आवाज करत नाहीत. पण काळ्या रंगावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उठतात, आणि कप पडला की कपच फुटतो.

एक धोक्याची सूचना, कारण ही कुणी देत नाही. नव्या घराची फरशी बसल्यावर कामगार सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात. ते मिठाचं आम्ल. त्याची नुसती वाफसुद्धा स्टीलचा तो पापुद्रा जाळते, आणि वापरायच्या आधीच सिंकवर तपकिरी ठिपके उठतात. मग लोक कंपनीला शिव्या देतात. ॲसिडचं काम संपेपर्यंत सिंक खोक्यात, दुसऱ्या खोलीत ठेवा. तेच नळाचं.

नळाकडं वळू. आमची वेण्णा महाबळेश्वराहून येते. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी एका दगडी गोमुखातून पडतं. तोही एक नळच, फक्त त्याला चावी नाही. नळाचं सगळं शास्त्र चावीत आहे. १८४५ साली इंग्लंडमध्ये रॉदरहॅमच्या एका पितळेच्या कारखान्यानं फिरकीच्या दांड्यानं खाली दाबत आणायच्या झडपेचं पेटंट घेतलं. झडपेखाली मऊ चकती. ती दाबली की पाणी बंद. आपल्या साध्या नळात आजही तेच. ती चकती म्हणजे वॉशर, आमच्याकडं वायसर. पूर्वी ती चामड्याची असे, म्हणून सोवळ्याच्या घरांत नळाचं पाणी वर्ज्य मानल्याच्या हकिकती आहेत. नंतर रबर आलं आणि तो प्रश्न मिटला.

नव्या नळात वायसर नसतो. दोन गुळगुळीत चिनीमातीच्या चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. भोकं समोरासमोर आली की पाणी वाहतं. म्हणून तो पाव वळशात उघडतो. सांधेदुखीच्या हातांना हा नळ फार सोयीचा, दांडीला मनगटानं ढकललं तरी चालतं. साबणाच्या हातांनाही. पण त्याला एक शत्रू आहे, वाळूचा कण. महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तांबडी माती घेऊन वेण्णा खाली येते. आषाढात नळाला चहासारखं पाणी येणं आम्हाला नवं नाही. ते कण चकत्यांमध्ये अडकले की चरे पडतात आणि नळ ठिबकू लागतो. वायसरचा नळ गावातला कुणीही दुरुस्त करतो, पाचदहा रुपयांत. चकत्यांचं काडतूस त्याच कंपनीचं, त्याच मापाचं लागतं, आणि त्यासाठी साताऱ्याला हेलपाटा. म्हणून आमच्यासारख्या गावांत पाव वळशाचा नळ घ्यायचा असेल तर दोन गोष्टी करा. टाकीतून येणाऱ्या पाइपावर उघडून धुता येणारी जाळी बसवा. आणि ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात मिळतात, तेच नाव घ्या. दुकानदाराला विचारा, ‘काडतूस आत्ता दाखवा.’ त्यानं खणातून काढून दाखवलं तर नळ घ्या.

ठिबकणाऱ्या नळाकडं आपण काणाडोळा करतो. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. थेंबाच्या आकाराप्रमाणं पाच ते वीस लिटर. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला रोजी ५५ लिटर धरले आहेत. त्यातला एकाचा तिसरा हिस्सा दिवसरात्र ठिबकून जाऊ शकतो.

आता टाकी. मुंबईच्या घरातला नळ गावी का चालत नाही, याचं उत्तर इथं आहे. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर वर असेल, तर दाब एक बार. बैठ्या घरात टाकी स्लॅबवर तीन फुटांच्या चौथऱ्यावर ठेवली तर नळापासून पाण्याची उंची दहा फूट भरते. म्हणजे एक तृतीयांश बारसुद्धा नाही. बाहेरून येणाऱ्या पुष्कळ एकदांडी नळांना निदान अर्धा, कधी एक बार दाब लागतो. खोक्यावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. त्यात तारेच्या विणीचे बारीक लवचीक पाइप, धार आणखी मरते. फवारा ओढून बाहेर काढायचे नळ बैठ्या घरात घेऊच नयेत. पंप लावता येतो, पण आमच्याकडं पावसात वीज दोन-दोन दिवस येत नाही.

खात्री करायची तर शेजाऱ्याच्या घरी दहा लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि घड्याळ बघा. मिनिटाभरात भरली तर धार उत्तम. तीन मिनिटं लागली तर आपल्या घरी टाकी आणखी वर उचला, आणि टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत अर्ध्या इंचाऐवजी एक इंची पाइप आणा. ओट्यापाशी येऊन मग तो लहान करा. भिंतीत गेलेला पाइप नंतर बदलता येत नाही. नळ केव्हाही बदलतो. पैसे कमी असतील तर पाइपावर घाला.

नळ भिंतीतून काढावा की ओट्यावर उभा करावा? ओट्यावरच्या नळाच्या बुडाशी पाणी साचतं, शेवाळ धरतं, आणि दुरुस्तीला सिंकखाली डोकं घालून झोपावं लागतं. भिंतीतला बरा. सिंकसमोर खिडकी असेल तर मात्र पर्याय नाही. आणि नळाच्या तोंडापासून सिंकच्या तळापर्यंत हंडा उभा राहतो का, ते मोजा. नळाला पाणी असतानाच भरून ठेवायची सवय आमच्या बायकांची सुटलेली नाही, सुटणारही नाही. नळकोंडाळ्यावर रांगा लावलेली पिढी आहे ती. नळ दिसायला देखणा, पण त्याखाली हंडा तिरका करावा लागतो, असं नको.

नळ पितळेचा घ्यावा. हातात घेतला की वजन कळतं. हलका नळ म्हणजे जस्ताच्या मिश्रणाचा किंवा वरून चांदी चढवलेला प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक वाईटच असतं असं नाही, साधा पांढरा प्लॅस्टिकचा नळ प्रामाणिक असतो. तो पितळ असल्याचं सोंग घेत नाही. पितळेच्या नळांसाठी आयएस ७८१ हे मानक फार जुनं आहे. पण पितळेतही एक मेख आहे. तांबं आणि जस्त यांच्या पितळेत, लेथवर नीट कापलं जावं म्हणून, थोडं शिसं घालतात. प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबमवरून आला. रोमन लोक शिशाच्या नळांनी पाणी नेत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि सुरक्षित असं त्याचं कुठलंच प्रमाण मानत नाहीत. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळात पाणी लागतं त्या भागात सरासरी पाव टक्क्याहून जास्त शिसं चालत नाही. आपल्याकडं दुकानात ‘कमी शिशाचा’ असं लिहिलेला नळ मागून बघा. मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर सकाळी नळात रात्रभर उभं राहिलेलं पहिलं तांब्याभर पाणी पिऊ नका, झाडाला घाला. विशेषतः घरात लहान मूल असेल तर, आणि नळ नवाकोरा असेल तर.

नळाच्या तोंडाशी एक बारीक जाळीची टोपी असते. ती पाण्यात हवा मिसळते, धार मऊ होते, पाणी उडत नाही आणि कमी लागतं. उघडा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर सहज सोडतो. माझी अम्मा तोटीच्या बधन्यातून वजू करायची, दीडेक लिटरमध्ये. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी वाया घालवू नका, अशी पैगंबरांची शिकवण आहे. नळासमोर उभं राहिल्यावर ती पाळणं किती अवघड, हे मी रोज पाहतो. ती टोपी निदान मदत करते. पण जिथं दाब कमी तिथं ती धार आणखी मारते, तेव्हा आधी बादलीचा प्रयोग. आणि दर दोन महिन्यांनी ती फिरवून काढायची. आत गाळ असतो, बोअरचं पाणी असेल तर क्षाराचे पांढरे खडे. वाटीभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात रात्रभर ठेवली की साफ होते. बोअरच्या पाण्याची कठीणता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत तपासून मिळते. लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं, असं आपलं मानक सांगतं. नदीचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी असेल तर स्वयंपाकघराला नदीचं द्या.

सिंकच्या खालच्या अंगाबद्दल थोडंसं. खाली पाइपाला इंग्रजी ‘एस’ सारखं वळण असतं. त्या वळणात थोडं पाणी कायम उभं राहतं, आणि तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यानं शौचकूपासाठी हे वळण पेटंट केलं. आमच्याकडं पुष्कळ घरांत सिंकला लवचीक पाइप लावून तो सरळ भिंतीच्या भोकात सोडतात. मग वास येतो, आणि दोष सिंकला. वळणाचा पाइप घ्या, उघडून साफ करता येईल असा. फरशीतल्या अशाच वळणाला देशभरचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचा हा शब्द पार कंत्राटदारांच्या कागदपत्रांत जाऊन बसला, याचं मला कौतुक वाटतं.

सिंकचं पाणी पुढं कुठं जातं, तेही आधी ठरवा. गटार नसेल तर शोषखड्डा. पण त्याआधी तेलाचा तवंग आणि शितं अडवायला एक छोटी कुंडी हवी, नाहीतर खड्डा दोन वर्षांत बुजतो. आमच्या मागच्या दारी ते पाणी अळूच्या वाफ्यात आणि दोन केळींना जातं. त्यासाठी साबण कमी वापरावा लागतो, एवढंच.

आणि शेवटचं. सिंकखाली नळाकडं येणाऱ्या पाइपावर एक वेगळा कॉक बसवून घ्या. नळ बिघडला की घराचं सगळं पाणी बंद करावं लागत नाही. हा कॉक वर्षानुवर्षं न फिरवता तसाच राहिला तर जाम होतो, आणि नेमका रात्री दोन वाजता नळ निसटतो तेव्हा तो फिरत नाही. सहा महिन्यांतून एकदा तो बंद करून उघडून ठेवायचा. तो कुठं आहे आणि कुठल्या बाजूला फिरतो, हे घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांनासुद्धा, दाखवून ठेवा.